आक्का आणि पिवळी नवरी

आक्कांच्या तोंडात तीळ भिजत नसे. ही मी त्यांच्या माघारी केलेली चहाडी नाही, आक्का स्वतःच सांगायच्या. कुणी नवा भाडेकरू खोली बघायला आला की कुलूप उघडता उघडता त्या बजावून ठेवत, "हे बघा, संडास तिकडं, पान्याची टाकी वर, आन् माझ्यापाशी घरातलं कायबी बोलायचं न्हाई. माझ्या तोंडात ऱ्हात न्हाई." माणूस हसायचा. त्याला वाटायचं, बाई गमतीशीर आहे. पुढच्या आठवड्यापर्यंत तो आधीच्या कंपनीतून का निघाला, बायकोचं सासूशी का पटत नाही आणि तो झोपेत कसा घोरतो, हे सगळं शेवटच्या खोलीपर्यंत पोचलेलं असायचं. मग मात्र त्याला हसू येत नसे.

आक्कांच्या खोल्या शिक्रापुरात, हमरस्त्यापासून जरा आत. समोरासमोर दोन ओळी, मधे फरशीचं अंगण आणि तोंडाशी आक्कांचं स्वतःचं घर. रस्त्यावर दिवसरात्र ट्रक चालू. त्या आवाजात इतरांना ओरडून बोलावं लागे, आक्कांना मात्र नेहमीच्याच आवाजात बोललं तरी भागत असे. खोल्यांमध्ये बिहारची पोरं होती, ओडिशाची होती, बीड-लातूरकडची बिऱ्हाडं होती, ब्लाउज शिवणाऱ्या दौंडच्या शबानाभाभी होत्या आणि पाच नंबरच्या खोलीत मी आणि माझा नवरा संतोष. आक्का कुणालाच नावाने हाक मारत नसत. मी दौंड तालुक्यातल्या राहूची, म्हणून पहिल्या दिवसापासून 'राहूकरीण' झाले. आक्कांचे यजमान, आबा, कॉटवर बसून असायचे. ते फारसं बोलत नसत. त्यांच्या वाटणीचंही आक्काच बोलून टाकत.

दिवसात एकदाच काय ती शांतता असे, सकाळी आक्का मिसरी लावत तेव्हा. भाजून काळी केलेली तंबाखूची पूड डाव्या तळव्यावर घ्यायची, उजव्या हाताचं बोट त्यात बुडवायचं आणि पायरीवर बसून दातांवर घासत राहायचं. तेवढा वेळ तोंड मिटलेलं. कुणी काही विचारलं तर 'हूं' किंवा 'उंहूं'. पहिल्या पाळीला निघालेली माणसं त्या वेळेत पटापट अंगणातून सटकायची. पूर्वी म्हणे त्या दिवसभर मिसरी लावत. हिरड्यांचा त्रास सुरू झाला तेव्हा डॉक्टरांनी सोडायला सांगितली, म्हणून त्या सकाळच्या एका वेळेवर आल्या होत्या. "येकदम सोडली तर म्या मरंन," असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं आणि डॉक्टर काय म्हणाले तेही अर्थातच आम्हाला सांगितलं होतं.

पण त्यांच्या बोलण्यात डंख नव्हता, हेही सांगायला हवं. दारात आलेल्याच्या हातावर साखर ठेवावी तशी त्या बातमी ठेवत. बिहारच्या एका पोराला ताप भरला हे आक्कांनी गावभर केलं म्हणून त्याला तीन खोल्यांतून पेज आली. शबानाभाभींचं शिवणयंत्र बिघडलं हे त्यांनी दूधवाल्यालासुद्धा सांगितलं, तर दूधवाल्याचाच मेव्हणा यंत्र दुरुस्त करणारा निघाला. बोलण्याचा फायदा होतो तसा तोटाही होतो हे त्यांना पटायचं नाही. "लपवून लपवून मानूस आतून कुजतंय," असं त्यांचं मत होतं.

आक्कांच्या खोल्यांना एकच खोड होती, ती म्हणजे बोअरचं पाणी. इतकं जड पाणी मी आयुष्यात पाहिलं नाही. साबणाला फेस येत नसे, डाळ तासभर उकळली तरी दाणा अख्खा, बादल्यांना आतून पांढरी खरपुडी. प्यायला सगळे जार आणायचे. नवीन येणारी प्रत्येक बाई पहिल्याच आठवड्यात आक्कांकडे तक्रार घेऊन जाई आणि आक्का या एकाच विषयावर जरा नरमत. "जिमिनीतलंच तसं हाय, म्या काय करू?" एवढंच म्हणत.

मग मासे आले आणि तो नरमपणाही गेला.

सात नंबरला ओडिशाचा बाबुला नावाचा पोरगा राहत होता. त्याला माशांचा नाद. वाघोलीच्या दुकानातून त्याने काचेची पेटी आणि हे आफ्रिकेतले मासे आणले होते. अंगभर पिवळे, हळदीत बुडवून काढल्यासारखे, आणि पाठीवरच्या पराला काळी किनार. एके दिवशी त्याला गावाकडून फोन आला आणि त्याने नोकरी सोडली. निघायच्या दिवशी पेटी आक्कांच्या ओटीवर ठेवून तो म्हणाला, "आक्का, इसको आप रख लो. दौंड से मेरी ट्रेन है, इसको कैसे ले जाऊँ?"

आक्कांच्या घरी रविवारी मटण आणि एरवी सुकट. मासा म्हणजे तव्यावरचा, एवढीच त्यांची ओळख. "आरं बाबा, ह्ये खायाचं का बघायचं?" त्यांनी विचारलं. बाबुला कळवळून म्हणाला, "देखने का, आक्का, देखने का!" मग जाताजाता त्याने एक गोष्ट सांगितली आणि तिने आक्का कायमच्या जिंकल्या. "ये अफ्रीका का मछली है. इसको मीठा पानी नहीं चलता, भारी पानी चाहिए. आपके बोर का पानी इसके लिए एकदम बढ़िया."

आक्कांच्या बोअरला आयुष्यात पहिल्यांदा कुणी बढ़िया म्हटलं होतं. त्या दिवसापासून पाण्याची तक्रार करायची सोय उरली नाही. कुणी बाई कुकर घेऊन आली की आक्का तिला हाताला धरून पेटीपुढे उभी करत. "ह्यो बघ. आफ्रिकेचा मासा. समिंदराएवढ्या तळ्यातला. त्याला ह्ये पानी मानवतंय, आन् तुला वरन शिजवाया यिना व्हय?" बाई निमूट परत जायची. डाळ काही शिजायची नाही.

पेटीतल्या सर्वांत मोठ्या मादीचं नाव आक्कांनी 'नवरी' ठेवलं, कारण अंगाला हळद लागलेली. बाकीचे सगळे वऱ्हाडी. वऱ्हाडी दिवसभर दगडांच्या कपारींवरून एकमेकांच्या अंगावर धावून जात आणि आक्का ओटीवर बसून त्यांची भांडणं आम्हाला सांगत. कोण कुणाचा दीर, कोणती जाऊ आगाऊ, हे सगळं त्यांनी ठरवून टाकलं होतं. तो काळ आमच्यासाठी सुखाचा गेला, कारण आक्कांची निम्मी बडबड माशांवर खर्च व्हायची.

एक दिवस नवरीने खाणं सोडलं. दाणे टाकले की वऱ्हाडी तुटून पडायचे, ही मात्र कोपऱ्यातल्या दगडामागे तोंड मिटून उभी. तिचा गळा खालून फुगलेला होता. आक्कांनी आधी वाटलं तसं जाहीर केलं, "चतुर्थी धरली असंल." चतुर्थी सरली तरी ती खाईना. मग त्यांनी काचेला नाक लावून पाहिलं आणि निदान बदललं. "गालगुंड झालंय तिला. बघ की, गळा कसा सुजलाय."

माझी त्या दिवशी सुट्टी होती. दुपारची वेळ, बाकी सगळे कामावर किंवा झोपलेले. आक्का आतून हळदीचा डबा घेऊन आल्या. गालगुंडाला बाहेरून लेप लावतात, पण माशाला लेप लावायचा कसा? म्हणून त्यांनी चांगली मूठभर हळद पाण्यातच सोडली आणि हाताने ढवळली. पाणी पिवळं झालं, मासे दिसेनासे झाले. थोड्या वेळाने हळद खाली बसू लागली तेव्हा दिसलं की नवरी वेड्यासारखी गोल फिरते आहे आणि तिचं तोंड उघडं आहे. त्या तोंडातून बारीक बारीक काहीतरी बाहेर पडत होतं. पोटाला पिवळा थेंब चिकटलेली, डोळे मोठे असलेली पिल्लं. त्यांना पोहताही येत नव्हतं. ती तळाशी पडली आणि वऱ्हाडी त्यांच्यावर धावले.

आम्ही दोघींनी हात घातले, गाळणी घातली, काही उपयोग झाला नाही. आक्कांनी बाबुलाला फोन लावला. तो पलीकडून सांगत होता आणि आक्का नुसत्या ऐकत होत्या, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. या जातीची मादी अंडी तोंडात धरते, पिल्लं पोहती होईपर्यंत तीन-चार आठवडे तोंडातच सांभाळते, तोपर्यंत काही खात नाही. घाबरवली तर वेळेआधी टाकून देते. फोन ठेवून आक्का पायरीवर बसल्या. "म्हंजी उपाशी ऱ्हाऊन पोरं धरली व्हती तिनं," त्या म्हणाल्या. "आन् म्या थुंकाया लावली." डोळ्यांना पदर लावला आणि मग माझा हात धरून म्हणाल्या, "राहूकरीण, कुनाला सांगू नको."

मी सांगितलं नाही. संध्याकाळी आक्कांनी सगळ्यांना सांगितलं की लाईट गेली, हवा सोडणारं मशीन बंद पडलं आणि नवरीची पोरं मेली. आक्कांनी काही लपवल्याचं मला माहीत असलेलं हे पहिलंच उदाहरण.

पुढच्या वेळी नवरीचा गळा फुगला तेव्हा अंगणात आणीबाणी लागली. ओटीजवळ मिक्सर लावायचा नाही. बादली आपटायची नाही. काचेवर बोट मारणाऱ्याचं बोट मोडण्यात येईल. रात्रपाळी करून आलेली पोरं चपला हातात घेऊन ओटीपुढून जायची. आबांना खोकला यायचा तेव्हा आक्का त्यांच्याकडे अशा बघायच्या की म्हातारा तोंडावर उपरणं धरायचा. आक्का स्वतः बोलत होत्या, पण कुजबुजत. ट्रकचे हॉर्न त्यांना बंद करता आले नाहीत एवढंच. आणि एका सकाळी नवरीने एका दगडाच्या कपारीत तोंड उघडलं, तांदळाएवढी पिवळी पिल्लं एकेक करून बाहेर आली आणि पोहू लागली. आक्कांनी अख्ख्या आळीत पेढे वाटले.

त्याच वर्षी, श्रावणाच्या सुरुवातीला, मला दिवस गेले.

ही आनंदाची गोष्ट आहे हे मला कळत होतं. आधी एकदा असंच झालं होतं आणि राहिलं नव्हतं, त्यामुळे तर जास्तच. पण संतोषची गोदामातली नोकरी सुटलेली होती आणि घर माझ्या एकटीच्या कामावर चाललं होतं. मी एका कारखान्यात गाड्यांच्या वायरी जोडायच्या लायनीवर होते, ठेकेदाराचं माणूस म्हणून. दसऱ्याला ठेका बदलणार होता. नव्या ठेकेदाराने कुणाला पुढे घ्यायचं ती नावं सुपरवायझर देणार होता. नाव आलं तर नवा पास, दवाखान्याचं कार्ड आणि बाळंतपणाची रजा. नाव गळलं तर तिन्ही गेली. आणि पोटुशी बाईचं नाव कुणी देत नाही, हे लायनीवरच्या प्रत्येकीला ठाऊक होतं. कागदावर वेगळं कारण लिहितात एवढंच.

तो सुपरवायझर, दिनेश, राहायला कुठे असावा? आक्कांच्या खोल्यांत, तीन नंबरला. आणि रोज संध्याकाळी चहा प्यायला कुठे बसायचा? आक्कांच्या ओटीवर. माणूस वाईट नव्हता. पण ठेकेदाराला लायनीवरची खबर देणं हीच त्याची नोकरी होती, आणि आक्कांच्या ओटीवर खबर आयती मिळायची.

मी संतोषशिवाय कुणाला काही बोलले नव्हते. कंपनीचा ॲप्रन ढगळ होता, पोट दिसत नव्हतं. पण आक्कांना बघायला पोट लागत नव्हतं. एकदा कामावरून आले तेव्हा त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला, वजन पाहिलं आणि झाकण उघडलं. सकाळचा डबा तसाच भरलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पेटीकडे. नवरीचा गळा तेव्हा पुन्हा फुगलेला होता.

"तीबी जेवंना, तूबी जेवंना," त्या म्हणाल्या. "कितवा?"

मी त्यांचे हात धरले आणि सगळं सांगितलं, पासाचं, दसऱ्याचं, दिनेशचं. "आक्का, तुमच्या पाया पडते, हे तेवढं तोंडात ठेवा," मी म्हटलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. हो नाही, नाही नाही. डबा माझ्या हातात परत दिला आणि घरात निघून गेल्या. मी खोलीत जाऊन संतोषला म्हटलं, "संपलं. उद्या सगळ्यांना कळेल."

दुसऱ्या दिवशी कुणाला कळलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पण आक्का बदलल्या. सकाळी मिसरी, दुपारी मिसरी, चहाच्या वेळी मिसरी. जेव्हा पाहावं तेव्हा तळवा काळा आणि तोंड मिटलेलं. मी समोरून गेले की मान हलवायच्या, बोलायच्या नाहीत. मला वाटलं, बाई माझ्यावर रागावली, हिला बोलता येऊ नये अशी गळ मी घातली म्हणून. शबानाभाभींना वाटलं, आक्कांची दाढ दुखते. आबांना काय वाटलं कुणास ठाऊक, ते बऱ्याच वर्षांनी अंगणात येऊन स्वतःहून दोन वाक्यं बोलले.

एका संध्याकाळी मी अंगणातल्या दगडावर धुणं धूत होते. ओटी तिथून हाकेवर. दिनेश आला, बसला, आबांनी आतून चहा आणून दिला. आक्का मिसरी घासत होत्या. दिनेशने एक घोट घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आक्का, ती पाच नंबरची राहूकरीण आजारी हाय का काय? लायनीवर आज दोनदा मटकन खाली बसली. काय भानगड?"

माझे हात पिळ्यावरच थांबले. आक्कांचं बोट दातांवर फिरत राहिलं.

"सांगा की," तो हसत म्हणाला. "तुमाला ठावं न्हाई असं व्हईल का?"

आक्कांचं दुखणं नेमकं तिथेच होतं. आपल्याला माहीत नाही, असं कुणी म्हटलेलं त्यांना सहन होत नसे. त्या उठल्या. नळावर गेल्या, माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि खूप वेळ चूळ भरत राहिल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग तोंड पुसत ओटीवर जाऊन बसल्या. मी मनाशी म्हटलं, आता तोंड मोकळं झालं, आता गेलं सगळं.

"बाबा," आक्का म्हणाल्या, "येक सांगू का तुला? कुनाला सांगू नको."

"न्हाई सांगत," दिनेश पुढे सरकला.

"नवरीची पयल्या टायमाची पोरं मेली ना, ती लाईट गेली म्हणून न्हाई मेली. म्या मारली. गालगुंड समजून म्या पान्यात हळद टाकली. मूठभर. तिनं उपाशीपोटी धरली व्हती, आन् म्या तिच्या तोंडातनं काढाया लावली. तवापासनं मला झोप न्हाई, बाबा."

आणि त्या सगळं सांगत सुटल्या. हळदीचा डबा कुठला, पाणी कसं पिवळं झालं, नवरी कशी गोल गोल फिरली, वऱ्हाड्यांनी काय केलं. सांगताना खरोखर रडत होत्या. दिनेशचा चहा गार झाला. पाच नंबरच्या खोलीचं त्याच्या ध्यानातही राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते सगळ्या खोल्यांत झालं. खोल्यांनी कित्येक वर्षांचा सूड उगवला. कुणी गळा धरून ओटीपुढे यायचं, "आक्का, गालगुंड झालंय, हळद टाका की!" बिहारची पोरं त्यांना 'डाक्टरनी' म्हणू लागली. बाबुलापर्यंतसुद्धा ते पोचलं. ज्या बाईने आफ्रिकेच्या माशाच्या जिवावर अख्ख्या अंगणात टेंभा मिरवला, तिला तोंड लपवायला जागा राहिली नाही. आक्का ऐकून घेत होत्या आणि मिसरी घासत होत्या.

मला राहवलं नाही. दुपारी कुणी नसताना मी गेले आणि म्हटलं, "आक्का, हे कशाला सांगितलंत? मी तर कुणाला बोलले नव्हते."

त्यांनी थुंकून तोंड मोकळं केलं. "त्यो काय घेतल्याबिगर उठला असता व्हय? कायतरी द्याया पायजेच व्हतं. ते माजं व्हतं, म्या दिलं. तुजं तुज्यापाशी हाय." आणि लगेच पुन्हा तळव्यावर मिसरी घेतली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही मिसरी रागाची नव्हती. डॉक्टरांनी सोडायला सांगितलेली ती पूड बाई दिवसभर तोंडात कोंबत होती, कारण तोंड रिकामं राहिलं तर माझं गुपित बाहेर पडेल याची तिला स्वतःचीच भीती होती. मी तिथेच बसून रडले. पेटीत नवरी दगडामागे तोंड मिटून उभी होती.

दसऱ्याच्या आधी नावं लागली. माझं नाव होतं. नवा पास घेऊन मी गेटवरून तडक आक्कांकडे आले आणि तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, परत दिला, चूळ भरली आणि अंगणाच्या मध्यभागी जाऊन उभ्या राहिल्या.

"आगं आयका गं समद्या! राहूकरनीला दिवस गेल्यात!"

ट्रक चालू होते, पण मला वाटतं ते पलीकडच्या पेट्रोल पंपापर्यंत गेलं असेल. सगळे बाहेर आले. दिनेशही आला. माझ्याकडे पाहून त्याने मनात महिने मोजले असावेत. "आक्का," तो म्हणाला, "तुमाला ह्ये कवा कळलं?"

"आत्ता," आक्का म्हणाल्या. "आत्ताच सांगितलं की तिनं. माझ्या तोंडात काय ऱ्हातंय का, बाबा?"

माझं डोहाळजेवण त्यांनी ओटीवर, पेटीशेजारी केलं. शबानाभाभींनी हिरवं पोलकं शिवलं. आक्कांनी माझी ओटी भरली आणि चिमूटभर दाणे नवरीलाही टाकले. मिसरी पुन्हा सकाळच्या एका वेळेवर आली आणि बाकी दिवस पुन्हा पहिल्यासारखा गजबजला.

मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हा संतोषला भांडगावला बरं काम मिळालं आणि आम्ही निघालो. आक्कांनी दुधाच्या किटलीत नवरीची चार पिल्लं घालून दिली आणि शिवाय एक मोठा कॅन भरून दिला. "तिकडचं पानी मऊ आसतंय. ह्ये वतत जा थोडं थोडं." त्यानंतर जो कुणी टेम्पोवाला सोलापूर रस्त्याला लागे, त्याच्याबरोबर आक्कांच्या बोअरच्या पाण्याचा कॅन येत राहिला. लोकांच्या घरून लोणची येतात, पापड येतात. आमच्याकडे डाळ न शिजवणारं पाणी यायचं. फोनवर अख्ख्या अंगणाची खबर मिळायची ती निराळी. कोण आलं, कोण गेलं, कुणाचं कुणाशी वाजलं. 'राहूकरीण' ही हाक मला त्या फोनवरच ऐकू यायची, कारण भांडगावात मी राहूची हे कुणाला ठाऊक असणार?

गेल्या पावसाळ्यात आक्का गेल्या. ताप आला, चार दिवस अंगावर काढला आणि गेल्या. शबानाभाभींचा फोन आला तेव्हा मला त्यांचे शब्द समजायलाच वेळ लागला. खोल्यांवरची बातमी आक्कांखेरीज दुसऱ्या कुणी सांगावी, असं कधी झालंच नव्हतं.

दहाव्याला वेळ नदीच्या घाटावर मांडव घातला होता. आमच्याकडे दहाव्याला माईकवर बोलायची पद्धत आहे. गावातल्या पुढाऱ्यांचं बोलून झाल्यावर दिनेश उठला. आता तो स्वतःच ठेकेदार आहे, पोट सुटलंय. डोळे पुसून तो म्हणाला, "आमच्या आक्कांसारखी मायाळू बाई व्हनार न्हाई. फकस्त येक. आक्कांच्या तोंडात आयुष्यात येक गोष्ट राह्यली न्हाई." आणि सगळा मांडव, रडता रडता, हसला.

मी हसले नाही. उठून माईक घ्यावा आणि सांगावं, असं वाटून गेलं. तेवढ्यात शेजारी पाहिलं. शबानाभाभी पदराचं टोक दातांत धरून नदीकडे बघत होत्या, आणि त्याही हसत नव्हत्या. पलीकडे दोन नंबरमध्ये राहिलेली लातूरची बाई मान खाली घालून चटईची काडी सोलत होती. तिच्या मागे एक जण बसली होती, तिला मी ओळखतही नाही. माझ्या आधी राहून गेली असेल किंवा नंतर. तीही हसली नव्हती. आमची नजरानजर झाली, आणि आम्ही सगळ्याच जणी खाली बघू लागलो. इतकी वर्षं मी समजत होते की आक्कांनी आयुष्यात एकच गोष्ट तोंडात धरली आणि ती माझी.

कुणी कुणाला काही विचारलं नाही. पिंडाला कावळा लगेच शिवला. निघताना आबांनी मला खूण करून थांबवलं आणि पाण्याचा भरलेला कॅन संतोषच्या हातात दिला. तो आक्कांनी आधीच भरून ठेवला होता, टेम्पोची वाट बघत.

माझी मुलगी आता सातवीत आहे. पास, दसरा, सुपरवायझर यातलं काही आता कुणाचं वाकडं करू शकत नाही. पिल्लू पोहायला लागलं आहे, म्हणून माझ्यापुरतं तोंड मी आज उघडलं. त्या बाकीच्या जणींचं काय होतं, ते मला ठाऊक नाही. आक्का असत्या आणि मी त्यांना विचारलं असतं, तर त्यांनी तळव्यावर मिसरी घेतली असती.